पहिल्या टोमॅटोचं जेवण

नेल्डाच्या पायाला भिंगरी आहे. जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात गेला, निवृत्त झाली तरी तीच धावपळ. मी तिची शेजारीण, कुंपणाच्या अलीकडची, आणि मला तिचा जाम वैताग येतो.

आमच्या इंडियानातल्या या गल्लीत ज्याच्या परसात पहिला टोमॅटो पिकेल, त्याने बाकीच्यांना दुपारी बोलवायचं, बेकन, लेट्यूस आणि त्या टोमॅटोचं सँडविच खायला घालायचं. बोलावलं की नाही म्हणायचं नाही, अशी रीत. यंदा नेल्डाने थंडी सरायच्या आतच रोपं लावली. गारठ्यापासून जपायला दुधाचे रिकामे प्लास्टिकचे कॅन बूड कापून त्यांच्यावर घातले आणि सारखी जाऊन डोकावायची. मी म्हटलं, "अगं, टोमॅटो आहे तो, उतू जाणार नाही!"

"हसू नकोस, डोरीन. या वर्षी पहिला माझाच यायला हवा."

कारण तिचा नवरा, व्हर्जिल. हिवाळ्यात त्याला अर्धांगाचा झटका आला. बोलणं परतलं, चालणं परतलं, उजवा हात काही परतला नाही. तेव्हापासून तो ताट घेऊन गॅरेजमध्ये जायचा आणि आतून दार लावून घ्यायचा. डाव्या हाताने सांडत खाताना कोणी बघायला नको, बायकोनेसुद्धा. गावभर गप्पा हाणणारा माणूस! नेल्डा बिचारी एकटीच जेवायची.

"रीतीच्या जेवणाला तरी येईल," ती म्हणायची. "तेव्हाही बसला नाही, तर मग कधीच बसायचा नाही."

टोमॅटो पिकला. सँडविच एका हाताने धरवत नाही, म्हणून तिने मैद्याच्या पातळ पोळीत गुंडाळून रॅप करायचं ठरवलं. सगळ्यांनाच तेच, म्हणजे त्याला वेगळं वाटायला नको. मी मदतीला गेले, पण ही बाई हातात काही देईल तर शपथ! टोमॅटोच्या चकत्या मीठ लावून कागदावर निथळत ठेवल्या. बेकन ओव्हनमध्ये कुरकुरीत केलं. पोळीवर मेयोनीज फासून आधी लेट्यूसचं पान ठेवलं, टोमॅटोच्या पाण्याने पोळी भिजू नये म्हणून. मध्येच खिडकीशी, मध्येच गॅरेजच्या दाराशी.

"येईल ना गं तो?"

"मला काय विचारतेस? नवरा तुझा!" मी खेकसले. आणि मीही खिडकीतून डोकावून आले. त्या गडबडीत पोळ्या तव्यावर गरम करून मऊ करायच्या राहिल्या आणि तिने थंडच गुंडाळल्या.

गल्लीतली मंडळी आली, त्यांच्यात व्हर्जिलचा जुना दोस्त हार्लनही. नेल्डाने प्रत्येकाला दारातच बजावलं, "तो खाताना त्याच्याकडे बघायचं नाही. काही बोलायचं नाही." मलाही तेच सांगून झालं होतं. आणि व्हर्जिल खरंच आला, बसला. मग काय, आम्ही सगळे ताटात डोकं घालून गप्प. आम्ही इकडची माणसं अशीच, समोरच्याला लागेल म्हणून तोंडाला कुलूप.

व्हर्जिलने डाव्या हाताने रॅप उचलला. थंड पोळी मधोमध चिरली, टोमॅटो आणि मेयोनीज थेट शर्टावर. कोणी मान वर केली नाही.

"कोण मेलंय का इथे?" व्हर्जिल कडाडला. "हार्लन, माझ्या शर्टावर नुसता डाग पडला तरी चिडवून जीव खायचास. आता का तोंड शिवलंय?"

हार्लन लाल झाला. "नेल्डाने सांगितलं होतं बाबा."

"हो, मीच सांगितलं!" नेल्डा फुटली. "तू उठून जाशील म्हणून! तू तिकडे दार लावून घेतोस आणि मी इथे भिंतीशी बोलत जेवते. झटका तुला आला रे, पण मीही मेलेय त्यात!"

व्हर्जिल उठला. गेला आता गॅरेजमध्ये, मी मनात म्हटलं. पण तो उरलेला रॅप घेऊन सिंकपाशी गेला आणि वाकला. भरलेलं सँडविच आम्ही सगळे असंच सिंकवर वाकून खातो, रस गळाला तर गळू दे. फाटकं टोक मात्र त्याला आवरेना.

"नेल्डा, रडतेस काय? इकडे ये. खालून धर, सुटतंय सगळं."

तिने त्याच्या हाताखाली दोन्ही हात धरले. तो खाऊ लागला. रस तिच्या कोपरापर्यंत ओघळला.

"बोटं सांभाळ गं," हार्लन म्हणाला, "चावेल तो!"

"पोळी वातड झालीय," व्हर्जिल भरल्या तोंडाने म्हणाला. "उद्या पावातच दे."

"कुठे वाढू?" नेल्डाने हळूच विचारलं.

"टेबलावर. दोघांचं एकदमच वाढ."