लाल चित्रांच्या गुहेचा पहारेकरी

नोकरीतले बहुतेक गुन्हे आता डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणता आरोपी कोणत्या ठाण्यातला, हेही कधीकधी आठवत नाही. हा एक गुन्हा मात्र जसाच्या तसा समोर उभा राहतो. त्यात रक्त सांडलं नव्हतं आणि वर्तमानपत्रात चार ओळींपलीकडे त्याची बातमीही आली नव्हती.

तेव्हा मी पांढरकवड्याच्या बाजूला ठाणेदार होतो. आमच्या हद्दीत अभयारण्याचा एक कोपरा येत होता. त्या कोपऱ्यात चुनखडीची टेकडी आणि टेकडीच्या पोटात गुहा. गुहेच्या भिंतीवर हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी गेरूनं चित्रं काढलेली होती. हरणं, एक रानडुक्कर, आणि हात धरून नाचणाऱ्या माणसांची लांब रांग. वाघ बघायला येणारे पर्यटक दुसऱ्या फाटकातून यायचे. गुहेकडे सहसा कुणी फिरकत नव्हतं.

सकाळची हजेरी आटोपून मी टपाल बघत होतो. एक म्हातारा ठाण्यात येऊन भिंतीला टेकून बसला. पायात धुळीनं पांढऱ्या झालेल्या चपला, अंगावर वनखात्याचा विटलेला खाकी सदरा. ठाणे अंमलदारानं विचारलं, "काय बाबाजी, काय झालं?"

"चित्र चोरीले गेलं," तो म्हणाला.

अंमलदाराला वाटलं, घरातली तसबीर गेली असेल. म्हाताऱ्यानं मान हलवली. "पहाडातलं चित्र. गोटा कापून नेला."

हा त्या गुहेचा पहारेकरी. रोजंदारीवरचा वनमजूर, जमातीनं कोलाम आदिवासी. त्याचं गाव पूर्वी जंगलाच्या आत होतं. पुनर्वसनात सगळं गाव हायवेच्या बाजूला आलं. बायको आधीच वारली होती, मुलगा मिरच्या तोडायला तेलंगणात गेला तो तिकडेच राहिला. म्हातारा गुहेजवळच्या झोपडीत एकटा राहत होता. आठवड्याच्या बाजाराला बाहेर यायचा, पीठ-मीठ घेऊन परत जायचा.

फिर्याद नोंदवून घेतली आणि पंचनाम्याला निघालो. जीप अर्ध्यावर सोडून पुढे चालावं लागलं. गुहेत शिरल्यावर आमच्या हवालदारांनी बॅटरीचा झोत भिंतीवर टाकला. नाचणाऱ्या रांगेतली शेवटची माणसं कटर मशीननं चौकोनी कापून नेली होती. उघडी पडलेली चुनखडी हाडासारखी पांढरी दिसत होती. जो शेवटी उरला होता त्याचा हात मनगटाशी तुटला होता.

म्हाताऱ्यानं जबाबात सांगितलं, "मी बाजाराले गेलतो. वापस आलो तं असं."

"कोणी येत होतं का इकडे, गेल्या काही दिवसांत?"

"नाही."

"कोणावर संशय?"

"कोनीच नाही, साहेब."

वनखात्याच्या साहेबांना त्याचाच संशय होता. मोठं मशीन आणि जनरेटर घेऊन माणसं आत येतात आणि पहारेकऱ्याला पत्ता नसतो, हे कसं? त्यांचं म्हणणं, आधी याला उचला. कागदावर पाहिलं तर ते चूकही नव्हतं. पण स्वतः चोरीत सामील असलेला माणूस एवढं जंगल तुडवत फिर्याद द्यायला येईल, हे मला पटेना. आणि तो काहीतरी लपवतोय, हेही दिसत होतं. खोटं बोलणारा बहुधा जास्त बोलतो. हा प्रत्येक प्रश्नाला एका शब्दात उत्तर देऊन जमिनीकडे बघायचा.

पहिला धागा हायवेवर मिळाला. पंक्चर काढणारा एकजण आमचा जुना खबऱ्या होता. त्यानं सांगितलं, "साहेब, बाजाराच्या दिवशी एक मोठी गाडी आलती. मांगं गादीत गुंडायलेलं काहीतरी वजनदार होतं. स्टेपनी त्याच्या खाली होती, पण ते हलवू देईनात. मले म्हणे, आहे तेच चाक काढून दुरुस्त कर."

"माणसं कुठली वाटली?"

"दोघं हिंदी बोलत होते. जो गाडी चालवे, तो आपल्याकडचाच. फोनवर म्हणे, माय, वणीले येऊनच राह्यलो."

गाडीचा नंबर त्याला आठवत नव्हता. आठवला असता तरी तो खोटाच निघाला असता. वणीत कोळशाच्या खाणी, तिथं गाडी चालवणारी माणसं हजारांनी. तेवढ्यावर काही होण्यासारखं नव्हतं.

म्हाताऱ्याला पुन्हा ठाण्यात बोलावलं. त्याला माझ्या खोलीत बसवलं, चहा मागवला. चहाच्या वाफेनं त्याचा चष्मा धुरकटला, तसा त्यानं तो काढला आणि खिशातल्या छोट्या फडक्यानं फार जपून पुसायला घेतला. माणसाच्या अंगावरचं सगळं जुनं होतं, चष्मा तेवढा नवा. जवळचं आणि लांबचं दोन्ही दिसावं असा, नंबर काढून बनवलेला. दुकानातून चष्म्याबरोबर मिळतं तसलं ते फडकं होतं. त्यावर दुकानाचं नाव आणि खाली 'वणी' छापलेलं.

"चष्मा चांगला आहे. कुठून घेतला?"

"बाजारातून."

मी पुढं काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी हवालदारांना घेऊन वणी गाठली. दुकानदाराला म्हातारा लगेच आठवला. "खाकी सदऱ्यातला बुढा ना? त्याच्या पोरानं आणलं होतं. खाण कॉलनीतला ड्रायव्हर आहे, त्याची माय माझी जुनी गिऱ्हाईक. मी म्हटलं, तुझा बाप तं कधीचाच वारला. तं म्हणे, हा बी बापच हाय."

त्या ड्रायव्हरला लगेच उचलता आलं असतं. पण त्याआधी मी गुहेवर गेलो. म्हातारा झोपडीबाहेर तुरीची डाळ निवडत होता. मी त्याच्यासमोर खाली बसलो.

"बाबाजी, मी वणीच्या दुकानात जाऊन आलो."

त्याचे हात थांबले.

"तो पोरगा तिथं म्हणाला, हा माझा बाप आहे."

"मी तिथंच होतो साहेब," तो म्हणाला. "मी आयकलं."

त्यानं डाळीचं सूप बाजूला सारलं. मग म्हणाला, "मंग मी कसा सांगू त्याचं नाव? तुमीच सांगा."

त्यानंतर मात्र तो बोलत राहिला. तिघं पावसाळा सरल्यापासून यायचे. अभ्यास करतो, फोटो काढतो म्हणायचे. दोघं गुहेत मोजमापं घ्यायचे आणि ड्रायव्हर म्हाताऱ्यापाशी बसायचा. चुलीवर भाकर टाकायला मदत करायचा, आईच्या दम्याचं सांगायचा, याच्या बायकोविषयी विचारायचा. डोळ्यांनी नीट दिसत नाही म्हटल्यावर एक दिवस गाडीत घालून वणीला घेऊन गेला. "इथं आलेला कोनी बी मले रस्ता पुसते, पानी मांगते, अन् जाते. माह्या संग बसून जेवनारा तो एकटाच. मी चोरीची खबर देल्ली, कारन ते चित्र माह्या बापजाद्यायचं हाय. पन त्याचं नाव तोंडातून निंघे ना."

आरोपीला घरून ताब्यात घेतलं. त्यानं फारसे आढेवेढे घेतले नाहीत. त्याच्या सांगण्यावरून वणीबाहेरच्या एका शेतातल्या गोदामात सोयाबीनच्या कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या, ढिगाखाली तो दगड सापडला. त्याचे दोन तुकडे झाले होते. ज्यांनी त्याला कामाला लावलं होतं ते दोघेही पुढे नागपुरात सापडले.

चौकशीत मी त्याला विचारलं, "म्हाताऱ्याला चष्मा कशाला दिला? तो तर तुम्हाला तसंही आत सोडत होता."

त्यानं खांदे उडवले. "त्याले दिसत नव्हतं, साहेब."

"आणि बाप का म्हणालास?"

  हा प्रश्न मी जबाबात घेतला नाही, कारण गुन्ह्याशी त्याचा संबंध नव्हता. माणूस चोरी करायला येतो आणि येता-जाता त्याला कुणाची माया लागते, हे लिहायला आमच्या कागदात जागा नसते.

मग ओळखपरेड. आरोपीला यवतमाळच्या कारागृहात त्याच्यासारख्या दिसणाऱ्या माणसांच्या रांगेत उभं करायचं आणि साक्षीदारानं ओळखायचं. म्हाताऱ्यानं मला एकदाच विचारलं, "मले जावंच लागन काय?"

"जबरदस्ती नाही," मी म्हणालो. "पण तुमच्याशिवाय त्यांना तिथं पाहिलेलं कुणी नाही."

तो आला. धुतलेला सदरा घालून आला. परेडच्या वेळी पोलिसांना आत थांबता येत नाही, म्हणून मी फाटकाबाहेर उभा राहिलो. आत काय झालं ते परेड घेणाऱ्या नायब तहसीलदारांनी नंतर सांगितलं. म्हातारा रांगेच्या एका टोकापासून सावकाश चालत गेला. त्या पोरासमोर थांबला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "जेवला का रे?"

पोरगा खाली मान घालून "हो" म्हणाला.

परेडच्या मेमोवर एकच वाक्य आलं. साक्षीदाराने आरोपीस खांद्यावर हात ठेवून ओळखले.

बाहेर आल्यावर म्हातारा कारागृहाच्या भिंतीच्या सावलीत बसला. मी गाडीनं सोडतो म्हणालो, तर नको म्हणाला. एसटीनं जाईन म्हणाला. एसटी हायवेला उतरवणार आणि तिथून पुढे त्याला एकट्याला चालावं लागणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. जाताना त्यानं विचारलं, "तिथं भेटाले जाता येते काय, साहेब?" मी त्याला भेटीचे वार सांगितले. तो कधी गेला का, मला कळलं नाही. लवकरच माझी बदली झाली. दगड अजून मुद्देमाल म्हणून जमा आहे, असं मध्यंतरी ऐकलं.

गुन्हेगार माणसाच्या लोभावर किंवा भीतीवर हात ठेवतो, असं आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. मीही नव्या पोरांना तेच शिकवलं. एकटेपणाबद्दल कुणी कधी बोललं नाही. त्या गुहेला कुलूप लावलं असतं तरी काही उपयोग झाला नसता. आत जायचा रस्ता त्या म्हाताऱ्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेतून जात होता.

आता मी यवतमाळलाच राहतो. पत्नी गेली, मुलं बाहेरगावी आहेत. मागच्या महिन्यात पाणी शुद्ध करायचं मशीन विकायला एक तरुण दारात आला. अशा लोकांना घरात घेऊ नका, हे मी कॉलनीतल्या सभेत स्वतः सांगितलेलं आहे. मी त्याला आत घेतलं, बसवलं, चहा केला. त्यानं मशीनची सगळी माहिती दिली, मी सगळी ऐकली. मला मशीन घ्यायचं नव्हतं आणि बहुधा ते त्याच्याही लक्षात आलं होतं. तो पिशवी आवरून उठायला लागला, तेव्हा मीच म्हणालो, "घाई आहे का? बस जरा."