समुद्रावर अडलेलं चाक

देवाशी भांडायचं तर माणसानं निदान कंबर कसून उभं राहावं. मला तेही जमण्यासारखं नव्हतं. लहानपणी तापात पाय गेले ते गेलेच, आणि त्यानंतरची माझी सगळी भांडणं बसूनच झाली. वर्ध्याजवळच्या सेलूच्या आमच्या घरी ओसरीवर खांबाला टेकून मी आमच्याच शेतातल्या कापसाच्या वाती वळत असे आणि मनातल्या मनात श्रीकृष्णाला ऐकवत असे, की तू द्वारकेला राजा होऊन बसलास, मला पाय दिले नाहीस, आणि वर मनात तुझीच ओढ लावून ठेवलीस. हा कुठला न्याय? वातींच्या पिशव्या भरत होत्या. त्या द्वारकेच्या देवापुढे माझ्या हातानं ठेवायच्या, असा माझा नवस होता. पण तो फेडायचा कसा, हे देवही सांगत नव्हता.

वडील गेल्यावर माझा धाकटा भाऊ नारायण घरचा कर्ता झाला. लग्नकार्य असो की जत्रा, तो मला पाठकुळी किंवा खांद्यावर घेऊन जाई. एका लग्नात आमच्या शेजारच्या कासाबाईनं भर मांडवात त्याला विचारलं, "काऊन रे नारायणा, हे ओझं किती दिवस वाह्यतं?" तो हसला आणि पुढे गेला. मला मात्र हसू आलं नाही. बायका माझ्याकडे बघत होत्या आणि मी जमिनीकडे. घरी आल्यावर मी त्याला बजावलं, की खांद्यावर जायचं ते एकदाच, आणि तेव्हा मला काही कळणार नाही. तोवर मला उचलायचं नाही. आमच्या घराण्यात हट्टाला तोटा नाही, पण माझा हट्ट सगळ्यांच्या वरचा. त्यानंतर कित्येक वर्षं मी अंगणाबाहेर गेले नाही.

स्वराज्य येऊन काही वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. आमच्या भागात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा भरतो. पोरं चाकाचे लाकडी बैल सजवून ओढत आणतात. हे बैल घडवण्यात सदाशिव मिस्त्रींचा हात धरणारा सेलूत कोणी नव्हता. ते एकदा ओसरीवर बसले असता माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, माह्या हातचा लाकडाचा बैल गावभर फिरते, तं तू काऊन नाई फिरनार?" आणि फाल्गुनात त्यांनी माझ्यासाठी बाभळीच्या चाकांची खुर्ची केली. पाठीला नक्षी, हातांना मोर. चाकं आसावर अगदी घट्ट बसवली, डुगडुगू नयेत म्हणून. "पावसात लाकूड फुगते," ते म्हणाले, "पन तुम्ही तं द्वारकेहून पावसाच्या आधीच वापस येता. पोळ्याच्या आंधी आनजो, ढिली करून देतो."

रेल्वेनं द्वारकेला जायचं तर गाड्या बदलायच्या आणि पुलांचे जिने चढायचे. कुणीतरी सांगितलं, मुंबईला आगबोटीत बसलं की थेट द्वारकेच्या समुद्रात उतरता येतं. मला ते फार आवडलं. वैशाखात, पावसाळ्यासाठी आगबोटी बंद व्हायच्या आधी, नारायण, त्याची बायको शेवंता आणि मी निघालो. सामान चढवायच्या फळीवरून माझी खुर्ची मुंबईच्या गाडीत चढली. पुलगाव मागे पडलं तेव्हा कापसाच्या गिरणीचं धुराडं बघून मी लहान मुलीसारखी टाळी वाजवली. मुंबईच्या धक्क्यावर फळीवरून माझी खुर्ची आगबोटीत गेली. नारायणानं नुसता मागून हात लावला होता. आजूबाजूचे लोक वळून बघत होते आणि या वेळी मी खाली बघितलं नाही. चांगली मान ताठ करून बसले. आमच्या गावच्या मिस्त्रीनं केलीय, असं मी दोघा-चौघांना न विचारताच सांगितलं.

त्या रात्री वारा लागावा म्हणून नारायणानं खुर्ची डेकवर कठड्याजवळ लावली. मी हातांच्या जोरावर सरकून शेजारच्या वळकटीवर निजले. सकाळी पुन्हा खुर्चीत चढून बसले आणि चाक ढकललं, तर ते हलेना. दोन्ही चाकं आसाला जाम धरून बसली होती. नारायणानं जोर लावला, शेवंतानं लावला, काही उपयोग नाही.

"पाऊस नाई, पानी नाई, तं लाकूड फुगलं कसं?" नारायण डोकं खाजवत म्हणाला.

समुद्राच्या हवेलाच ओल असते, हे आम्हा कोरड्या मुलखातल्या माणसांना कुठून ठाऊक असणार? मिस्त्रींनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता, आणि आम्हीही पहिल्यांदाच पाहत होतो. मी मिस्त्रींना नको नको ते बोलले. मग देवाकडे वळले. इतक्या वर्षांनी एक हौस पुरी केलीस, आणि तीही अर्ध्या वाटेवर काढून घेतलीस? मी पितळेचा तांब्या घेऊन रागानं चाकावर हाणत बसले. नारायण इंजिनाकडून तेल मागून आणायला गेला.

तेवढ्यात आगबोट मधल्या एका बंदराबाहेर थांबली. उतारू मचव्यात उतरवायला खलाशांनी माझ्या समोरचाच कठडा उघडला. आणि एकाएकी बोट त्या बाजूला अशी कलली, की लोक एकमेकांच्या अंगावर पडले. ट्रंका घसरल्या. एका बाईची पाण्याची कळशी माझ्या पायांजवळून घरंगळत गेली आणि उघड्या जागेतून सरळ समुद्रात पडली. माझ्या हातातला तांब्याही सुटला आणि कळशीमागून गेला. मी खुर्चीचे मोर घट्ट धरले. समोर नुसतं पाणी होतं. पण खुर्ची जागची हलली नाही. बोट पुन्हा सरळ झाली तेव्हा नारायण तेलाचा डबा हातात घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभा होता. तेल लगेच मिळालं असतं तर काय झालं असतं, हे आम्ही दोघांनीही बोलून दाखवलं नाही. त्यानं डबा परत नेऊन दिला. मी चाकावर हात फिरवला आणि खूप रडले. त्याला चमत्कार म्हणावं की ओल, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

द्वारका आली तेव्हा खरी परीक्षा होती. बोट किनाऱ्यापासून लांब थांबली. मचव्यात उतरायला उभी शिडी. खुर्ची दोरानं खाली सोडता येणार होती, मला मात्र कुणीतरी उचलूनच न्यायला हवं होतं. मी म्हटलं, "मी नाई येत. तुम्ही जा, वाती तेवढ्या ठेवून या." नारायणाचा चेहरा उतरला. शेवंता हात धरून म्हणाली, "बाई, असं नका करू जी, एवढ्या दूर आलो आपन." मी ऐकेना. पांढऱ्या दाढीचा एक खलाशी हे सगळं बघत होता. तो माझ्यापुढे उकिडवा बसला आणि म्हणाला, "बाई, इस जहाज पे पाँव से चल के कौन आया है? सब को जहाजही उठा के लाया ना?"

मी आजूबाजूला पाहिलं. शेटजी होते, फौजेतले जवान होते, लेकुरवाळ्या बाया होत्या. सगळ्यांचे पाय धडधाकट, आणि सगळे माझ्यासारखेच बसून आले होते. मला हसू फुटलं. इतक्या वर्षांचा राग त्या हसण्यात कसा निघून गेला, मला सांगता येणार नाही. मी म्हातारबाबांच्या गळ्याभोवती हात टाकले. त्यांनी मला नारायणाच्या सुट्या धोतरानं पाठीशी बांधलं आणि शिडीवरून असं खाली नेलं, की मला एक धक्काही लागला नाही. मी त्यांचं नाव विचारायच्या आत ते पुन्हा वर चढून गेले होते.

किनाऱ्यावरही चाकं अडलेलीच होती, म्हणून पुढे टांग्यानं गेलो. देवळाच्या पायऱ्यांशी मी स्वतःहून म्हटलं, "नारायणा, घे मले खांद्यावर." त्यानं मला उचललं. आत इतकी गर्दी होती, की चांगली उंच माणसंही टाचा वर करून बघत होती. मी मात्र सगळ्यांच्या डोक्यांवर होते. काळासावळा देव मला सरळ समोर दिसला, वरपासून खालपर्यंत, मध्ये कुणीच नव्हतं. राजाच्या दरबारात राजाच्या नजरेला नजर देऊन मी बसले होते, आणि खाली माझ्या भावाच्या मानेवरून घाम वाहत होता. मला त्याचा इतका अभिमान वाटला, की मागायचं ते मी विसरले. वाती मात्र माझ्याच हातानं दिल्या.

वर्ध्याच्या उन्हात आल्यावर चाकं आपोआप सुटली. सदाशिव मिस्त्री कानस घेऊन आले, ओशाळून म्हणाले, "चुकलं माहं, बाई." मी त्यांच्या हातातली कानस काढून घेतली आणि आधी त्यांना प्रसाद दिला. सगळी हकीकत ऐकल्यावर ते चाक गोल फिरवून बघू लागले.

संध्याकाळी कासाबाई आली. कपाळाला द्वारकेचं गोपीचंदन लावून घेतलं आणि ओसरीवर बसलेल्या सगळ्यांदेखत विचारलं, "कशी गेलती वं तू देवळात? तुह्या खुर्चीचे तं चाकं अडलते म्हन्तात."

नारायण खाली बघू लागला. मी मान ताठ केली आणि अंगणापार ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "भावाच्या खांद्यावर बसून गेलती."