भूल देण्याआधी

मी नालासोपाऱ्यात सीटी स्कॅनच्या मशीनवर काम करतो. अपघात विभागातून लहान मूल आलं की त्याला भूल द्यायला एक डॉक्टरीणबाई येतात. मूळच्या अर्नाळ्याच्या, बोलणं अगदी हळू. मुलानं शेवटचं काय खाल्लं, हे त्या आईला विचारतात, मग बापाला विचारतात, आणि तरी त्यांचं समाधान होत नाही. मला त्याचा कंटाळा यायचा.

एकदा कळंबहून दीड वर्षाचा मुलगा आणला. पलंगावरून डोक्यावर पडला होता. रडून रडून लाल झालेला, एक क्षण स्थिर राहीना. आईबाप म्हणाले, सकाळपासून उपाशी आहे. मी म्हणालो, "मॅडम, द्या ना डोस. बाहेर पेशंट खोळंबलेत."

त्या बाहेर गेल्या आणि बाकावर थांबलेल्या मुलाच्या आजीशेजारी बसल्या. तिच्याच बोलीत विचारलं, "आये, पोराला काय पाजलंस? दूद का पानी?"

आजी रडायलाच लागली. "रिक्षात दूद पाजला. गप र्‍हाईना म्हनून."

"सांगितलंस, बरा झाला."

त्यांनी भूल दिलीच नाही. मुलाला चादरीत घट्ट गुंडाळलं, आपल्या अंगात शिशाचा एप्रन चढवला आणि मशीनपाशी उभं राहून त्याचं डोकं स्वतः धरलं. काही सेकंदांत स्कॅन झाला. मेंदूला इजा नव्हती. उचलून घेताच त्यानं सगळं दूध त्यांच्या खांद्यावर ओकलं. भुलीत असता तर तेच श्वासनळीत गेलं असतं.

त्यांनी नळाखाली खांदा धुतला. मी केलेली घाई त्यांनी आजवर एकदाही बोलून दाखवलेली नाही.