शिमग्याच्या पाच गाड्या

महाराष्ट्राच्या विधानसभेत आजवर जेवढे आमदार निवडून गेले, त्यांत आपल्या खुर्चीचा सर्वांत कमी उपयोग आमच्या आतोबांनी केला, हे मी पैजेवर सांगायला तयार आहे. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. सन ऐंशीपासून पाच वर्षं ते घाटकोपरचे आमदार होते, आणि त्या पाच वर्षांत मी त्यांना पाच मिनिटं एका जागी बसलेलं पाहिलं नाही. चहा एका घरात प्यायचा आणि कप दुसऱ्या घरात ठेवायचा, ही त्यांची रीत. टेकडीवरच्या आमच्या वस्तीतल्या बायकांना याची इतकी सवय झाली होती, की संध्याकाळी त्या आपापसांत कपांची अदलाबदल करायच्या. घरी जेवताना पहिला घास पाटावर, दुसरा दारात आणि तिसरा गल्लीच्या तोंडाशी. आत्या ताट घेऊन मागून जात नसे एवढंच. ती म्हणायची, "सप्तपदीला भटजींनी सात पावलं सांगितली होती. हे मला मागे ठेवून चौदा चालले. तेव्हाच कळायला हवं होतं मला."

मी तेव्हा एका खासगी कंपनीत टायपिस्ट होतो. अक्षर बरं म्हणून आमदारकीची पत्रं लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. टेबलखुर्ची होती, पण तिचा उपयोग आत्या पापड वाळत घालायला करी. आतोबा चालता चालता मजकूर सांगायचे आणि मी पॅड घेऊन मागे धावायचो. पत्राचा मायना घराच्या पायरीवर व्हायचा, मुख्य मजकूर रेशनच्या दुकानापर्यंत, आणि पिठाच्या गिरणीशी मला ओणवा करून माझ्या पाठीवर सही. वाटेत भेटेल त्याची चौकशीही चालूच. एकदा मी घाईघाईत सगळंच लिहून घेतलं आणि एका साहेबांना पत्र गेलं, की सदर अर्जदार गरीब व होतकरू असून काय गं पार्वती, पाय सुजलाय का तुझा, तरी त्याच्या अर्जाचा सहानुभूतीने विचार व्हावा. मला वाटलं, आता वाट लागली. पण त्या पोराला नोकरी लागली, आणि आठवड्याभराने साहेबांनी पार्वतीच्या पायाची चौकशी केल्याचंही कानावर आलं.

उद्घाटनाला आतोबांना बोलावणं म्हणजे तर जोखीमच होती. वाट बघणं त्यांच्या प्रकृतीला मानवत नसे. एका व्यायामशाळेच्या उद्घाटनाला मंत्री यायचे होते. मंत्र्यांना उशीर झाला, तेवढ्यात यांनी फीत कापली, नारळ फोडला, खोबरं वाटलं, दोन जोर मारले आणि पुढच्या कार्यक्रमाला निघून गेले. मंत्री आले तेव्हा मंडळी नवी फीत शोधत होती. विधानसभेतही तीच तऱ्हा. सभागृहात जायचे, हजेरी लावायचे, आणि टेकडीवरच्या नळाला पाणी आलं की नाही हे बघायला मधल्या सुट्टीआधीच घाटकोपरला परत. पण पाणी आलं नसेल तर त्याच पावली उलटे जाऊन सभागृहात असे काही कडाडायचे, की दुसऱ्या दिवशी टँकर हजर.

त्यांना तिकीट मिळालं तेच मुळी ती जागा कुणाला नको होती म्हणून. पण घरात बसवत नसल्यामुळे ते प्रत्येक दारी तीन तीनदा जाऊन आले. चौथ्यांदा येतील या धास्तीनेच लोकांनी मतं दिली, असं आत्या सांगायची. मी म्हणेन, लोकांनी त्यांना मतं दिली ती जीव लावणारा माणूस म्हणून. टेकडीवरची निम्मी वस्ती आमच्यासारखीच रत्नागिरीकडची, गिरण्यांत कामाला आलेली. या लोकांची वर्षाची खरी तारीख एकच, शिमगा. शिमग्यात गावदेवाची पालखी घरोघर येते. त्या वेळी घर उघडं हवं, अंगण सारवलेलं हवं, ओटी भरायला घरचं माणूस हवं. पालखी दारात आली आणि दाराला कुलूप दिसलं, तर मुंबईतला चाकरमानी वर्षभर मान वर करत नाही. आधी या लोकांना गाडीच्या तिकिटासाठी डेपोवर दोन दोन दिवस रांगेत काढावे लागायचे. आतोबा आमदार झाल्यावर त्यांनी पाच एसटी गाड्या थेट टेकडीखालच्या मैदानातून सोडायची सोय केली. बाकीचं काही त्यांच्या नावावर टिको न टिको, 'भाऊंच्या गाड्या' हे नाव टिकलं. सारी टेकडी त्यांना भाऊच म्हणायची.

आणि पाचव्या वर्षी घात झाला. गाड्यांचं बुकिंग पौषातच होऊन गेलं होतं. मग निवडणूक जाहीर झाली, आणि मतदान आलं नेमकं ज्या दिवशी आमच्या वाड्यांमध्ये पालखी फिरते त्या दिवशी. गाड्या सुटायच्या होत्या आदल्या दुपारी. मतदारयाद्या सांभाळणारा दत्ताराम नावाचा कार्यकर्ता होता, हिशेबी आणि सरळ. तो यादी घेऊन घरी आला. आतोबा येरझाऱ्या घालत होते, म्हणून तोही बरोबर येरझाऱ्या घालू लागला.

"भाऊ, गाड्या रद्द करा," तो म्हणाला. "पाच गाड्या भरून आपली मतं चालली. एक पण समोरच्यांचं नाय त्यात."

"पालखी दारात येणार आणि कुलूप बघून जाणार?"

"पालखी पुढच्या वर्षी पण येईल ना भाऊ."

"येईल रे. पण मग त्या घरात मी मत मागायला कुठल्या तोंडानं जाऊ?"

"नाय जायला लागणार," दत्ताराम म्हणाला. "पडल्यावर कोण विचारतंय?"

आत्याने त्या दिवशी पहिल्यांदा दत्तारामची बाजू घेतली. तिला आमदारकीची हौस नव्हती. पण हा माणूस पडला तर त्या पायांना काम काय द्यायचं, याची तिला भीती वाटत होती. "थांबवा गाड्या," ती म्हणाली. "मत देऊन परवा जातील." परवा जाऊन उपयोग नव्हता हे तिलाही ठाऊक होतं, तिचंही माहेर तिकडचंच. आतोबा रात्रभर गल्लीत फिरले आणि सकाळी म्हणाले, "बरं. सांगतो लोकांना."

दुपारी मी त्यांच्याबरोबर मैदानात गेलो. गाठोडी, डालडाचे डबे, नव्या साड्यांतल्या बायका, ढोल. पहिल्या गाडीच्या पहिल्या खिडकीत सखूआजी सकाळपासून येऊन बसलेली. तिचा नवरा वारलेला, मुलगा आखातात. गावचं घर उघडायला तीच एकटी. आतोबांनी बोलायला तोंड उघडलं आणि आजी म्हणाली, "भाऊ, माझं गाठोडं वर टाकतोस काय रे?" आतोबांनी गाठोडं उचललं आणि शिडीवरून टपावर चढले. एकदा वर गेल्यावर खालून दुसरं आलं, तिसरं आलं. मी खाली उभा राहून वाट बघत होतो की आता सांगतील, मग सांगतील. तेवढ्यात विरोधी उमेदवाराची पोरं मैदानात आली. मला वाटलं, राडा होणार. पण त्यांनी शर्टाच्या बाह्या सरसावल्या आणि उरलेल्या चार गाड्यांचं सामान भराभर चढवायला घेतलं. ड्रायव्हरांना चहा पाजला, म्हाताऱ्यांना हात धरून वर बसवलं. गाड्या सुटल्या तेव्हा सगळ्यांत जोरात हात तेच हलवत होते. कडेला उभा असलेला दत्ताराम यादी गुंडाळून घरी गेला.

आतोबा पडले. दत्ताराम मतं गाड्यांतच मोजायचा. तो म्हणाला, "दोन गाड्यांनी गेलो. तीनच सोडल्या असत्या तरी चाललं असतं." मला मात्र फार राग आला होता. आतोबांचा, गावी गेलेल्या लोकांचा आणि खरं सांगायचं तर देवाचाही.

शिमगा आटोपून गाड्या परत आल्या त्या दिवशी आतोबा मैदानात हजर होतेच. मीही गेलो. लोकांना बातमी वाटेतच कळली होती. ते खाली मान घालून उतरत होते, कुणी आतोबांकडे बघत नव्हतं. सखूआजी मात्र प्रवासभर झोपलेली. ती उतरली तीच हातात अंगाऱ्याची पुडी आणि अर्धा नारळ घेऊन. अंगारा तिने आतोबांच्या कपाळाला लावला. त्यासाठी त्यांना चांगलंच वाकावं लागलं.

"पालखी प्रत्येक दारात गेली बघ," ती म्हणाली. "आणि प्रत्येक दारात पहिलं गाऱ्हाणं तुझ्या नावाचं घातलं. आमच्या भाऊला यश दे म्हणून. सगळी वाडी 'व्हय महाराजा' म्हणाली. मी तर दोनदा म्हटलं. देवानं ऐकलान ना रे?"

विरोधी पक्षाची दोन पोरं पानाच्या टपरीशी उभी होती, ती आपल्या पायांकडे बघू लागली.

"ऐकलान गं आजी," आतोबा म्हणाले. "न ऐकून जातो कुठे?"

म्हातारीने समाधानाने मान हलवली आणि भोवतीच्या लोकांना खोबरं वाटायला घेतलं. टपरीशी उभ्या असलेल्या त्या दोन पोरांनाही तिने बोलावून दिलं, आणि त्यांनी ते मुकाट्याने खाल्लं. माझ्या तळहातावर तुकडा आला तेव्हा मला रडू येत होतं. तो मी तसाच मुठीत धरून ठेवला. आतोबांनी आपला तुकडा तोंडात टाकला, आणि गोड आहे म्हणत आजीकडून आणखी एक मागून घेतला.