खुल्या रविवारचा बैल

आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या संग्रहालयाला अमरावतीचे लोक अजबखाना म्हणत, आणि खात्यातल्या बाकीच्यांना त्याचा राग येई. मला मात्र कधी आला नाही. दोन लांबलचक खोल्या, मेळघाटातून आलेला पेंढा भरलेला बिबट्या, त्याचा एक कान उंदरांनी खाल्लेला, बरण्यांमध्ये वेटोळं घालून बसलेले साप, भिंतीभर टाचलेली फुलपाखरं. आता हे अजब नाही तर काय? एकोणीसशे साठनंतरची ती वर्षं. मी तिथं डेमॉन्स्ट्रेटर होते. साडीचा पदर खोचून बेडूक कापणारी त्या खात्यातली पहिली बाई. तोंडाची तिखट होते, आजही आहे, आणि त्याबद्दल मला कुणाची माफी मागायची नाही.

आमचे विभागप्रमुख, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत, ते मूळचे पुण्याकडचे. आमची वऱ्हाडी बोली ऐकली की सुरुवातीला त्यांना वाटायचं, ही माणसं सारखी भांडतात कशाला. पण माणूस मनानं मोकळा. संग्रहालय फक्त परीक्षेपुरतं उघडायचं हे त्यांना पटेना. वर्षातून एक रविवार ते सगळ्या गावासाठी उघडायचं आणि एकेकट्यानं नाही, अख्ख्या घरानं मिळून यायचं, असं त्यांनी ठरवलं. तो आमचा खुला रविवार. त्याचं सगळं करणं-सवरणं माझ्या गळ्यात पडलं आणि खरं सांगते, मला ते फार आवडलं.

लोकांनी नुसतं काचेला नाक लावून पुढं सरकावं हे मला मंजूर नव्हतं. मी कापडी पिशव्या शिवल्या. एकीत सुगरणीचा खोपा, एकीत सायाळीचा काटा, एकीत सापाची कात. घरातल्या प्रत्येकानं न पाहता हात घालायचा आणि सगळ्यांनी मिळून एकच उत्तर द्यायचं. काय गलका व्हायचा बापा! नवरा म्हणे खोपा, बायको म्हणे झाडणीचा तुकडा, सासू म्हणे तुमी दोघंबी येडे. एका वकिलीणबाईंनी कातीला हात लावला आणि अशा किंचाळल्या की खालचा चपराशी पाण्याची बादली घेऊन धावत वर आला. पहिल्या वर्षी कॉलेजच्या ओळखीचेच लोक आले. नंतर बडनेऱ्यापासून बैलगाड्या यायला लागल्या, लोक भाकरी बांधून यायचे आणि दुपारी कडुनिंबाखाली पंगती बसायच्या. माझी छाती फुगायची. का फुगू नये? ते मी उभं केलं होतं.

अकोल्याला आईबाबांना मी हे सगळं रंगवून सांगायची. बाबा तिथं जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गठाणी बांधायचे. आमचं गाव पातूरकडचं. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो आणि बाबांनी गावाला हात जोडून सांगितलं की मेलेलं ढोर ओढायचं काम यापुढं आमच्याकडून होणार नाही. गावानं वावरातली मजुरी बंद केली, दुकानदार मीठसुद्धा देईना. बाबा वाकले नाहीत. बिऱ्हाड पाठीवर घेतलं, अकोल्याला आले, आणि मला शिकवलं. येत्या खुल्या रविवारी मी येतो, तुया अजबखाना पाहातो, असं त्यांनी कबूल केलं होतं. लोकांच्या देखत माझ्या बापाला हाताला धरून त्या दोन खोल्यांतून फिरवायचं, एवढीच माझी इच्छा होती.

त्याच वर्षी सरांच्या मनात बैलाचा सांगाडा आला. ते म्हणाले, येणारे निम्मे लोक शेतकरी आहेत, जन्म बैलाबरोबर काढतात, त्यांना त्यांचाच बैल आतून दाखवू. अमरावतीजवळच्या एका खेड्यातल्या शेतकऱ्यानं आपला म्हातारा बैल वावराच्या धुऱ्यावर, बांधालगत, पुरला होता. दोन उन्हाळे होऊन गेले होते, म्हणजे मातीनं आपलं काम केलं असणार, हाडं स्वच्छ मिळणार. शेतकऱ्याला विचारलं, तो आढेवेढे घेऊन हो म्हणाला. इथवर सगळं छान.

मग सरांनी चपराश्याला बोलावलं आणि सहज, अगदी चहा आणायला सांगावं तसं सांगितलं, की त्या खेड्यातल्या वस्तीतून हाडं काढायला चार माणसं घेऊन ये, त्यांना सवय असते. कोणती वस्ती ते त्यांनी उच्चारलं नाही. गरजही नव्हती. चपराशी खाली मान घालून माझ्याकडे पाहू लागला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी म्हटलं, "सर, तसल्याच वस्तीतली मी आहे. आमची ती सवय आम्ही मोडली आहे. ज्याला सांगाडा शिकायचा असेल त्यानं कुदळ धरावी."

नोकरी गेली असंच मी धरून चालले. सरांचा गोरा चेहरा लालबुंद झाला. ते खिडकीकडे वळले आणि म्हणाले की चूक झाली, उद्या सकाळी सगळ्या खात्यानं निघायचं, मी पण येतो.

आणि खरंच आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, डोक्याला रुमाल बांधून. उन्हाळ्याची काळी माती दगडासारखी झाली होती, कुदळ मारली की हाताला झिणझिण्या येत. पूजा केल्याशिवाय पाणी न पिणारे आमचे सर त्या खड्ड्यात उतरले, मी उतरले, एमेस्सीची पोरं उतरली. एकेक मणका हातानं मोकळा केला. शेतकरी बांधावर बसून होता. हाडं पोत्यांत भरताना त्यानं फक्त शिंगं कुठं ठेवली ते दोनदा विचारलं. एक खूरसुद्धा कमी नव्हता. सर म्हणाले, असा पूर्ण सांगाडा विकत घेऊन मिळत नाही. पुढं मी सोड्याच्या गरम पाण्यात ती हाडं घासून घासून धुतली, उन्हात वाळवली. सगळे मदतीला होते, पण माझ्या मनासारखं होईना म्हणून मीच पुन्हा धुवायची.

या आनंदात मी अकोल्याला गेले आणि मूर्खासारखं जेवताना सगळं सांगून टाकलं. बाबांचा घास हातातच राहिला. आईनं मला डोळ्यांनी खुणावलं, पण गाडी सुटली होती. मी सरांचं सांगितलं, कुदळीचं सांगितलं, सगळी जातपात खड्ड्यात उतरली ते सांगितलं. बाबांच्या कानावर त्यातलं एकच गेलं.

"एवढे बुकं शिकली पोरी," ते म्हणाले, "अन शेवटी मेलेल्या ढोरातच गेली?"

मी वाद घातला. हे ओढणं नाही, हे शास्त्र आहे, पगार मिळतो, माझ्यापुढे ब्राह्मणाची पोरं खाली बसून टिपून घेतात. बाबांनी हात धुतला. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी एवढंच सांगितलं की लोक विचारतात, पोरगी काय करते, तर मी आजवर ताठ मानेनं सांगत आलो. आता काय सांगू? खुल्या रविवारी मी येणार नाही. आई मला दारापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, त्याले थोडा येळ दे. मी परतीच्या गाडीत बडनेऱ्यापर्यंत रडत आले आणि रडता रडता चिडत आले. चिडले बाबांवर, सरांवर, त्या बैलावर.

सोडून द्यावं असंही मनात आलं. सरांना सांगितलं असतं तर त्यांनी दुसऱ्याला काम दिलं असतं, त्यांना काही वाटलं नसतं. पण मला वाटलं असतं. आमच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या ढोरं ओढली ती दुसऱ्यांच्या हुकमानं. हे काम मी माझ्या मनानं घेतलं होतं. यातला फरक मला कळत होता आणि माझ्या बापाला तो सांगता येत नव्हता, एवढंच माझं दुःख. लोहाराकडून चौकट करून आणली. हाडांना भोकं पाडली, तारा ओवल्या. बोटं सोलून निघाली. पण बैल उभा राहिला, मान किंचित खाली, जू घ्यायला उभा राहतो तसा.

त्या वर्षी खुला रविवार पोळ्याच्या आदल्या दिवशी आला. बाहेर चिखल, आत माणसं मावेनात. मी पिशव्यांच्या टेबलाशी होते. मान वर केली तर दारात आई उभी, नव्या लुगड्यात, आणि तिच्या मागं बाबा. पांढरं धोतर, हात पाठीमागं बांधलेले. आईनं काय जादू केली मला माहीत नाही, तिनं कधी सांगितलंही नाही. बाबा माझ्याशी बोलले नाहीत. बिबट्या पाहिला, साप पाहिले, आणि सांगाड्यापासून चार हात दूर थांबले.

तेवढ्यात तो शेतकरी आला, बायको, सुना, नातवंडं सगळी घेऊन. बायकोच्या हातात वाटी होती, लोण्यात कालवलेली हळद. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे मळतात आणि त्यांना जेवायचं आमंत्रण देतात. म्हातारा शेतकरी सरळ सांगाड्याभोवतीची दोरी ओलांडून आत गेला. वस्तूंना हात लावू नये अशी पाटी मीच लिहिली होती. मी पुढं झाले, आणि सरांनी मला हातानं थांबवलं. म्हाताऱ्यानं जिथं जू बसतं तिथल्या हाडांना हळद-लोणी चोळलं आणि म्हणाला, "आज आवतन घे रे राजा, उद्या जेवाले ये."

मग बाहेर येऊन तो बोलायला लागला. कुणी विचारलं नव्हतं, पण त्याला सांगायचं होतं. आणि सांगायला नेमके माझे बाबा समोर सापडले. तो म्हणाला की हा मेला तेव्हा ओढून न्यायला वस्तीतलं कुणी येईना. त्यांनी ते काम सोडलं होतं. मी लय शिव्या घातल्या. मग मी आणि माझ्या पोरानं मिळून खड्डा खणला. माझ्या घरी किती बैल मेले, पण एकाच्याही अंगावर मी माझ्या हातानं माती टाकली नव्हती. याच्यावर टाकली आणि रडलो.

आता हा म्हातारा काय बोलेल आणि बाबा काय करतील, मला काही सुचेना. त्या खड्ड्यात मी दिवसभर खपले होते, पण हा बैल पुरला का गेला, हे मी कधी मनाला विचारलंच नव्हतं.

बाबा सावकाश म्हणाले, "मीबी सोडलं ते काम. पातूरकडं. छप्पन साली."

म्हाताऱ्यानं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग तो म्हणाला, "बरं केलं भाऊ. तुमी लोकायनं ओढला असता तं माया बैल गावाबाहीर कुत्र्यायनं तोडला असता. आज तो इथं उभा नसता."

बाबांचे पाठीमागं बांधलेले हात सुटले. ते सांगाड्याभोवती एक फेरी मारून आले, पुन्हा एक फेरी मारली, तारा कशा ओवल्यात ते वाकून पाहिलं. एक बाई दोन मुलांना घेऊन आत आल्या, चांगल्या घरच्या दिसत होत्या, आणि कुणाला तरी विचारायचं म्हणून त्यांनी बाबांनाच विचारलं की एवढी हाडं कुणी हो जोडली असतील.

"मायी पोरगी हाय," बाबा म्हणाले. खणखणीत आवाजात, पार दुसऱ्या खोलीत ऐकू जाईल अशा. "मेलेल्या बैलाचे हाडं. तिनंच मातीतून काढले, तिनंच धुतले, तिनंच जोडले. थे पाहा, थे उभी हाय."

खोलीतली सगळी माणसं वळून माझ्याकडे पाहू लागली. मी तिथंच पदर तोंडाला लावून रडले आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही. संध्याकाळी दारं लावायची वेळ झाली तरी बाबा सांगाड्यापाशीच उभे होते. आत येणाऱ्या प्रत्येक घराला, कुणी विचारलं नाही तरी, ते तेच सांगत होते.