कापणीवर अडलेली रजा

आमच्या चिपळूणच्या गोठ्यात लसूणघासाचा ओला वास आला की मला बहरीनमधला, हमद टाउनजवळचा मळा आठवतो. नव्वदच्या दशकात मी तिथे गुरांसाठी हाच घास पिकवायचो. पासपोर्ट मालकाकडे होता. बायकोचे दिवस भरत आले, म्हणून मी रजा मागितली.

"पुढची कापणी झाली की जा, इंशाल्ला," मालक म्हणाला.

पण त्याने बर्फाच्या देशातलं, कडक थंडीत तगणारं बियाणं पेरलं होतं. ती जात वाढ थांबवूनच थंडीत तगते; थंडी लागताच घास वीतभर उंचीवर थांबला. रोज सकाळी मी दवात वाकून बोटांनी तो मापायचो.

"झोपलाय तो. ऊन तापल्याशिवाय उठायचा नाही," सोबतचे हुसेनचाचा म्हणाले.

कापणी उन्हाळ्यात झाली. घरी पोचलो तेव्हा मुलगी रांगत होती. मला पाहून रडली.

त्या हिवाळ्यात मी घासाला शिव्या घातल्या. ज्याला घालायच्या होत्या, त्याचे मात्र निघताना दोनदा 'शुक्रन' म्हणून आभार मानले.