धर्माचा दम

विहिरीवरून पाण्याची कावड खांद्यावर घेतली की धर्मा हुतूतूचा दम धरायचा, तो घरच्या ओट्यावर पाऊल पडल्यावरच सोडायचा. वाटेत साक्षात सासरा भेटला तरी हा आपला ‘हुतूतूतू’ करत पुढे! सासरा बिचारा रामराम घालून तसाच उभा. आमच्या विचुंब्याच्या संघात असा चढाई करणारा पुन्हा झाला नाही. पोरांना सांगायचा, “सगळे अंगावर पडूंदेत, पन मधल्या रेघेच्या अलीकडं आल्याबिगर दम सोडायचा नाय.”

त्या वर्षी फ्लूची साथ आली. घरोघरी माणसं आडवी झाली, धर्माही झाला. ताप उतरल्यावर आईनं चिंबोऱ्यांचा रस्सा पाजून त्याला उठवलं. पण आता दम वाटेतल्या चिंचेपाशीच तुटायचा. कावड खाली ठेवून छाती दाबत उभा राहायचा. अशक्तपणा, दुसरं काय! सगळं गाव हेच म्हणालं. दम कमी पडला तर वाढवायचा, एवढंच आम्हा खेळणाऱ्यांना ठाऊक. धर्मा बांधावरून धावायला लागला.

पाय सुजले, आडवं पडलं की जीव गुदमरायला लागला, तेव्हा मी त्याला पनवेलला डॉक्टरांकडे नेलं. नळी लावून ते बराच वेळ ऐकत राहिले. म्हणाले, “ताप गेला, पण जाताना हृदयाला सूज देऊन गेला. यावर माझ्याकडे औषध नाही. पडून राहायचं. धावलास तर जाशील.”

परतताना धर्मा हसला. “पडलो तरी गुदमरतो, उभा ऱ्हायलो तरी गुदमरतो. मंग खेलून गुदमरलो तर काय वाईट?”

 

भात कापून झाल्यावर शेतातच उरणच्या संघाशी सामना झाला. शपथ घालून मी धर्माला बाजूला बसवलं होतं. आमचा एक गडी लंगडला आणि हा मेला उठलाच! त्याचा दम घुमला आणि मीसुद्धा सगळं विसरून ओरडायला लागलो.

उरणच्या गड्यांच्या मधोमध आवाज थांबला. कुणी त्याला हातही लावला नव्हता. मग सगळ्यांनी मिळून त्याला धरलं.

“सोडा त्याला! येऊ द्या!” मी बोंबललो.

ते त्याला पाडत नव्हते, सावरत होते. त्यांनीच त्याला उचलून रेघेच्या अलीकडे आणून ठेवलं. दम पलीकडेच सुटला होता.